नगारखान्याच्या सात काचा

कोसमतळीत मासोळी घ्यायची तर नगारखान्याखाली जायचं, हे गावातल्या लहान पोरालाही माहीत होतं. तलावाच्या पाळीला लागून एक जुनी दगडी वेस होती, गोंडराजांच्या वेळची म्हणतात. त्या वेशीच्या डोक्यावर पुढे कधीतरी मालगुजारानं विटांची माडी चढवली आणि तिच्यात नगारा ठेवला. मालगुजारी गेली, नगाराही कुठंतरी गेला, नाव मात्र सगळ्या इमारतीला चिकटलं. वेशीच्या पोटात दोन्ही अंगांना दगडी ओटे होते. बाहेर वैशाखाचं ऊन माणसाला होरपळून काढत असलं तरी त्या ओट्यांवर पाठीला गारवा लागायचा. मासोळीवाल्या बायांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची जागा.

प्रेमिला भानारकर लग्न होऊन या गावात आली आणि सासूच्या शेजारी त्या ओट्यावर बसू लागली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. अठ्ठ्याण्णव सालात ती पंचेचाळीस पार करून गेली होती. अंगानं आडवी, आवाजानं खणखणीत. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की ती त्याच्याच आवाजात त्याची नक्कल करायची, आणि आजूबाजूच्या बाया हसून हसून लोळायच्या. गिऱ्हाईकही हसायचं आणि तिनं सांगितलेल्या भावानं मासोळी घेऊन जायचं. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती. नवरा भैयाजी तलावात जाळं टाकायचा, ती विकायची. भैयाजी दिवसातून दहा शब्द बोलत असेल. उरलेले सगळे प्रेमिलाच्या वाट्याला आले होते, असं लोक म्हणायचे.

तिच्या शेजारच्या ओट्यावर गुलाब बसायची. दोघी एकाच वर्षी सासरी आलेल्या. गिऱ्हाइकावरून रोज भांडायच्या आणि दुपारी एकाच डब्यातलं जेवायच्या.

त्या वर्षी पावसाळ्यात, एका गुरुवारच्या बाजारात, माडीच्या कठड्याची एक वीट सुटली. गुलाब त्या दिवशी ओट्याच्या अगदी बाहेरच्या टोकाला बसली होती. वीट तिच्या डाव्या खांद्यावर आली. गुलाब ओरडलीसुद्धा नाही, नुसती एका बाजूला कलंडली. प्रेमिलानं समोरची मासोळी तशीच टाकली, रस्त्यावरची काळीपिवळी जीप हात आडवे करून थांबवली, आतले चार पासिंजर खाली उतरवले आणि गुलाबला मांडीवर घेऊन तालुक्याच्या मूल गावचा दवाखाना गाठला. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, वीतभर इकडे पडली असती तर बाईच गेली असती.

दुसऱ्याच दिवशी सरपंच देवरावनं नगारखान्याभोवती दोरी बांधून घेतली. मासोळी बाजार बसथांब्याजवळच्या उघड्यावर गेला. तिथं सावली नव्हती. पाऊस आला की बाया टोपल्या घेऊन पळायच्या आणि ऊन पडलं की मासोळी दहा वाजताच वास मारायची. पंधरा दिवसांनी बांधकामवाल्या साहेबांचा कागद आला: इमारत धोकादायक आहे, ग्रामपंचायतीनं पाडण्याचा निर्णय घ्यावा. देवरावनं तो वाचून दाखवला. पाडून तिथं दहा गाळ्यांची पक्की चाळ होईल, असंही तो म्हणाला. देवराव वाईट माणूस नव्हता. शाळेची पोरं त्याच वेशीखालून जात होती, आणि त्याला खरंच धास्ती वाटत होती.

"पाडा ना बाप्पा," प्रेमिला तेव्हा म्हणाली होती. "गुलाबीचं हाड मोडलं. दगडाचा मले काय पुळका हाय?"

पण पाडण्याआधी तपासणी लागते म्हणून एक नवा इंजिनिअर आला. लोकेश मडावी त्याचं नाव, एटापल्लीकडचा पोरगा, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. त्यानं इमारतीला चार चकरा मारल्या. दगडी भिंतींवर बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. त्यानं पिशवीतून काचेच्या बारीक पट्ट्या काढल्या आणि सिमेंटच्या ठिपक्यांनी एकेक पट्टी भेगेवर आडवी चिकटवली. अशा सात पट्ट्या, सगळ्या बाहेरच्या अंगानं, हाताला लागतील अशा उंचीवर. तोवर बघ्यांची गर्दी जमली होती.

"हे काय गा बाबू? भिंतीले पट्टी बांधून राह्यला का?" प्रेमिलानं विचारलं.

लोकेश हसला. "तसंच समजा, बाई. भेग जुनी असेल आणि भिंत थांबलेली असेल, तर काच शाबूत राहील. भिंत अजून सरकत असेल तर काच तडकेल. मी महिन्यातून एकदाच येऊ शकतो. रोज कोणी तरी पाहून ठेवलं पाहिजे."

"मी रोज पहाटे याच पाळीवरून येतो ना," प्रेमिला म्हणाली. "पाहून ठेवीन. काचच पाहायची हाय, काही वाचायचं तर नाई?"

पट्ट्यांवर त्यानं रंगानं एक ते सात आकडे घातले. तेवढे आकडे तिला येत होते.

झालं, त्या दिवसापासून प्रेमिलाला नवं काम लागलं. पहाटे तलावावरून ओली टोपली डोक्यावर घेऊन यायची, दोरीच्या बाहेरून चक्कर मारायची आणि बसथांब्यावर येऊन जाहीर करायची, "साती बहिणी बऱ्या हायेत!" गावाला त्याचा नाद लागला. पानठेल्यावर लोक पैजा लावू लागले. भैयाजीसुद्धा एक दिवस आपणहून बोलला, "आज कसं हाय?" प्रेमिलाला त्याचंच जास्त नवल वाटलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली काच तडकली. चार दिवसांनी दुसरी. प्रेमिलानं लोकेशला निरोप धाडला. तो आला, काचा पाहिल्या, आणि त्याचा चेहरा उतरला.

"भिंत सरकतेय, बाई. आता मला लिहून द्यावंच लागेल."

देवरावनं पाडायची तारीखही मनाशी धरली: दिवाळी झाली की. प्रेमिलानं मान डोलावली. पण दोन काचा फुटल्या तरी पाच शाबूत होत्या, ही गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. फुटलेल्या दोन्ही तलावाच्या अंगाच्या, एकाच कोपऱ्यातल्या. गावाकडच्या अंगाला एवढा धो धो पाऊस झाला तरी ओरखडासुद्धा नव्हता. ती सवयीनं रोज पाहत राहिली.

पितृपक्षात पाऊस उघडला. आठ दिवस आभाळात ढग नव्हता, वाटेवरची माती फुफाटा झाली. अशा एका सकाळी ती त्या कोपऱ्याशी आली आणि थबकली. भिंतीच्या बुडाशी, दगडाला लागून, ओल्या चिखलाच्या गोळ्यांचा ढीग होता. त्याच्या मध्ये भोक. पलीकडे दुसरं, तिसरं. तिनं टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि भोकात हात घातला. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटाला कडकडून चावा बसला. तिनं तसाच खेकडा बाहेर ओढला, काळा, मोठा, पाण्यानं निथळणारा.

तिला बोटाचं दुखणं कळलंच नाही. खेकडा कोरड्यात घर करत नाही, हे तिला आईच्या पोटातून माहीत होतं. आठ दिवस पाऊस नाही, तलावाचं पाणी पाळीच्या पलीकडे, इतकं खाली. मग या भिंतीच्या पायाखाली पाणी आलं कुठून?

ती खेकडा हातात धरूनच ग्रामपंचायतीत गेली. लोकेश त्या दिवशी कागदपत्रांसाठी आलेला होता, देवरावच्या समोर बसून चहा पीत होता. प्रेमिलानं खेकडा टेबलावर ठेवला. देवरावनं पाय वर घेतले.

"हे काऊन आणलं वं इथी?"

"नगारखान्याच्या बुडातून काढला, भाऊ. तिथी पाणी साचून हाय. भिंत म्हातारी होऊन नाई सरकून राह्यली, तिचे पाय पाण्यात हायेत."

लोकेशनं चहाचा कप तसाच ठेवला आणि उठला. खेकडा टेबलावरून आडवा चालत दौतीपर्यंत गेला होता. देवरावनं त्याला फायलीनं अडवून धरलं.

खोदायला लच्छू मिस्त्रीला बोलावलं. सत्तरीचा म्हातारा, पंचक्रोशीत चुन्याचं काम येणारा तो एकच उरला होता. त्यानं कोपऱ्यापासून दोन हात लांब चर घेतला. कमरेइतकं खोल गेल्यावर पाणी लागलं, आणि पाण्यात हात घालून चाचपताना त्याला घडीव दगड लागले. जुनी मोरी होती. वेशीवर पडलेलं सगळं पाणी पोटात घेऊन ती पाळीच्या कडेनं खालच्या शेतांकडे नेऊन सोडायची. आता तिचं तोंड मुरमानं गच्च भरलं होतं. पुढच्या नळाचं सांडपाणी, पावसाचं पाणी, सगळं तिथंच अडून पायाखाली मुरत होतं.

"हा मुरूम कोणं टाकला गा?" लच्छूनं खालून विचारलं.

देवराव काठावर उभा होता. टोपी काढून त्यानं डोकं खाजवलं. "मीच टाकला. शहाऐंशी सालात. मेंबर होतो. इथी डबकं साचत होतं, पोट्टे पडत होते, म्हणून बारा ट्रॅक्टर मुरूम टाकून सपाट केलं. लोकायनं माह्या गळ्यात हारसुद्धा घातला होता."

 प्रेमिलाला हसू फुटलं, आणि तिच्यामागून सगळ्यांनाच. देवरावही हसला, जरा उशिरानं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः फावडं घेऊन मोरीत उतरला. आठ दिवसांत मोरी मोकळी झाली. साचलेलं पाणी दिवसभर खळखळत शेतांकडे गेलं, आणि खेकडे धरायला अर्धं गाव जमलं.

लोकेशनं फुटलेल्या दोन काचा बदलल्या. पाडायची तारीख पुढे ढकलली. प्रेमिला हवेतच होती. ती मरळीचा रस्सा डब्यात घालून गुलाबच्या घरी गेली. मरळ हाडाला चांगली, असं सगळेच म्हणतात. गुलाब पडवीत बसली होती, हात अजून गळ्यात बांधलेला.

"आयकलंस का वं, नगारखाना वाचते म्हंतात!"

गुलाबनं डब्याला हात लावला नाही. "वाचू दे. मी तिथी बसनार नाई. तुले हसू येऊन राह्यलं, प्रेमिले. माह्या पोरीले माही वेणी घालून द्या लागते. त्या दगडापेक्षा माहं हाड सस्तं हाय का?"

  प्रेमिला डबा तिथंच ठेवून परत आली. घरी जाताना तिला वाटलं, खेकडा सापडला त्या दिवसापासून आपण भिंतीचाच विचार करतोय. ज्या बाईला आपण मांडीवर घेऊन मूलला गेलो तिला एकदाही विचारलं नाही.

लोकेश पुढच्या खेपेला आला तेव्हा तिनं त्याला पाळीवर गाठलं.

"बाबू, साहेब म्हणून नको सांगू. तुही माय एटापल्लीहून आली, न्‌ म्हणाली मले इथी बसायचं हाय, तर तू बसू देशील?"

लोकेशनं नगारखान्याकडे पाहिलं. "पाडा, असं मी एका ओळीत लिहू शकतो, बाई. मग माझ्यावर काही येत नाही. ठेवा असं लिहिलं तर दर पावसाळ्यात माझा जीव टांगणीला." मग त्यानं बोटानं दाखवलं. "खालची वेस आहे ना, दगडाची, तिच्याखाली आईला बसू देईन. मोरी मोकळी राहिली तर तिला काही होत नाही. पण वरची माडी... तिच्या विटांचा चुना गेलाय. तिच्याखाली नाही बसू देणार."

"मंग हे असंच लिही ना."

"लिहितो. पण अर्धं पाडा म्हटलं की दोन्हीकडचे लोक माझ्यावर चिडतील."

"तुह्यावर काऊन? मी सांगतो ना."

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. एवढी गर्दी ग्रामसभेला कधी झाली नव्हती. लोकेशनं त्याचं म्हणणं सांगितलं. एक म्हणाला, सगळं पाडून गाळे करा, कटकट नको. दुसरा म्हणाला, माडीशिवाय नगारखाना म्हणजे डोकं नसलेला माणूस. लच्छू मिस्त्री तर उठून उभाच राहिला. ती माडी त्याच्या आजोबानं बांधली होती. बेलफळाचा गर आणि गूळ घालून बैलाच्या घाणीत मळलेला तो चुना होता, माडीला हात लावाल तर मी आडवा पडतो, असं तो म्हणाला.

मग प्रेमिला उठली. त्या दिवशी तिनं कोणाची नक्कल केली नाही.

"लच्छूभाऊ, तुमच्या आजानं चांगलंच बांधलं. सव्वाशे वर्सं ते उभं हाय, आपल्यातलं कोणी तेवढं उभं राहनार नाई. पण आता ते थकलं. वरचं उतरवा. ठोकून पाडू नका, तुमच्या हातानं एकेक वीट उतरवा. खालची वेस ठेवा. न्‌ वरचं पूर्ण उतरल्याबिगर आमी एकही बाई तिथी बसनार नाई, सरपंचानं सांगतलं तरी नाई." ती थांबली. "मी काय म्हंतो त्यापेक्षा गुलाबले विचारा. वीट तिच्यावर पडली."

गुलाब मागच्या रांगेत होती. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या तशी ती बावरली. तिला उभं राहून बोलायची सवय नव्हती. तिनं बसूनच सांगितलं, "वरचं उतरवा. मंग एक पावसाळा जाऊ द्या. मंग पाहू."

ठराव तसाच झाला. गाळे बसथांब्यामागच्या पडीत जागेवर करायचे ठरले. ते व्हायला पुढे पाच वर्षं लागली, पण ती वेगळी गोष्ट.

लच्छू मिस्त्री दोन दिवस रुसून बसला. तिसऱ्या दिवशी बांबू आणि सुतळी मागायला तो स्वतःच पंचायतीत आला. फेब्रुवारीपासून त्यानं माडी उतरवायला घेतली. कुणाला घाई करू दिली नाही. दुपारी वर चढून प्रेमिला त्याला ताक नेऊन द्यायची, आणि तो तिला विटेमागचा चुना बोटानं चुरून दाखवायचा. पीठ व्हायचं त्याचं. "खरंच गेलता वो," तो एक दिवस हळूच म्हणाला. काढलेल्या चांगल्या विटांची त्यानं वेशीच्या माथ्यावर उतरती फरसबंदी केली, म्हणजे पाणी थांबणार नाही. त्याच्या हाताखाली गावातल्या चार पोरांनी चुना भिजवायला आणि मळायला शिकून घेतलं.

नव्याण्णवचा पावसाळा जोरात झाला. तलाव सांडव्यावरून वाहिला. त्या चार महिन्यांत सातही काचा जशाच्या तशा राहिल्या. प्रेमिला रोज पाहायची, आणि श्रावणाच्या मध्यापासून तिच्याबरोबर अजून एक बाई चक्कर मारू लागली. गुलाबचा हात आता वर जात होता, पूर्ण नाही, पण वेणीपुरता. ती स्वतः दोरीवरून हात घालून काचेला बोट लावून पाहायची, तिला दुसऱ्याच्या सांगण्यावर भरवसा नव्हता. सर्वपित्रीच्या दिवशी, सातवी काच पाहून झाल्यावर, ती दोरीखालून वाकून आत गेली आणि ओट्यावरची वर्षभराची धूळ पदरानं पुसू लागली. प्रेमिला बाहेरच उभी राहून पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते टोपलीचं पाणी म्हणून खपवलं.

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी उद्घाटन ठेवलं. देवरावनं वेशीला आंब्याचं तोरण आणि आडवी लाल फीत बांधली. फीत कापायला तालुक्याचे पाहुणे नऊला येणार होते. साडेदहा झाले तरी त्यांची गाडी नाही. इकडे बाया सकाळी सातपासून टोपल्या घेऊन उन्हात बसलेल्या.

"सरपंचभाऊ," प्रेमिला म्हणाली, "पाहुणा थांबन, मासोळी नाई थांबत."

देवरावनं रस्त्याकडे पाहिलं, टोपल्यांकडे पाहिलं. मग त्यानं स्वतः एका हातानं फीत वर उचलून धरली. बाया एकामागून एक खालून वाकून आत गेल्या, आणि आपापल्या ओट्यावर बसल्या. पाहुणे साडेअकराला आले, फीत कापली, टाळ्या झाल्या. तोवर रोहू संपला होता. पाहुण्यांनी भाषणात नगारखान्याचा इतिहास सांगितला, त्यात दोन राजांची नावं उलटीपालटी झाली. लोकेशनं मागे उभं राहून हसू दाबलं. गाडीत बसण्याआधी पाहुण्यांनी हळूच विचारलं, काही उरलंय का.

"वाम हाय," गुलाब म्हणाली.

"माह्याकडं मरळ हाय, जित्ती," प्रेमिला म्हणाली.

"साहेब आधी माह्यासमोर उभे राह्यले!"

"उभे राह्यले म्हणून काय झालं, पाहून तर माह्या टोपलीकडं राह्यले ना!"

पाहुणे गोंधळून दोघींकडे पाहू लागले. भैयाजी वेशीच्या तोंडाशी उकिडवा बसून जाळ्याची एक गाठ सोडवत होता. त्यानं वर न पाहता सांगितलं, "दोन्ही घ्या साहेब." पाहुण्यांनी दोन्ही घेतल्या.